बराक दोनमधले पावणं

तुरुंगात जाऊन दुसऱ्याच्या खाटेवर आडवा होणारा आणि पाच मिनिटांत घोरायला लागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो कैदीही नव्हता. तुरुंगाची तपासणी करायला आला होता.

त्यांचं नाव बाबगोंडा अण्णा. आमच्या कोल्हापूरच्या बाजूला एक खुलं कारागृह आहे. नेमकं कुठे ते विचारू नका. खुलं म्हणजे उंच भिंती नाहीत, दिवसा कुलपं नाहीत. शिक्षेची बरीच वर्षं नीट वागून काढलेल्या बंद्यांना इथे आणतात. ते दिवसभर शेतात राबतात आणि संध्याकाळी हजेरीला येऊन उभे राहतात. इथल्या कामाबद्दल शिक्षेत सूट मिळते, त्यामुळे बंद तुरुंगातून इथे येण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. काही आगळीक झाली की मात्र परत बंद तुरुंगात रवानगी.

आता या लोकांची राहण्याखाण्याची सोय कशी आहे, हे तुरुंगानेच तुरुंगाला विचारलं तर उत्तर काय येणार? म्हणून बाहेरचे दोन सदस्य नेमलेले असतात. महिन्यातून एकदा जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि अहवाल वरच्या कार्यालयाला पाठवायचा. त्यातला एक मी, मुजावर सर. उचगावात मराठी शिकवून निवृत्त झालो. दुसरे अण्णा. अण्णांनी तेहतीस वर्षं देवळाजवळच्या एका यात्री निवासाचा कारभार पाहिला होता. त्यांना इथे कोणी आणि का नेमलं, हे मला अजून कळलेलं नाही. 'निवासव्यवस्थेचा दीर्घ अनुभव' एवढंच वाचून कोणीतरी सही ठोकली असावी.

पहिल्याच भेटीत अधीक्षकांनी चहा मागवला आणि एक जाडजूड फाईल पुढे केली. खाटा किती, गाद्या किती, सगळं तीत होतं. अण्णांनी ती उघडलीही नाही.

"फाईलीवर झोपायचं हाय का मला?" ते म्हणाले आणि उठून थेट बराक दोनमध्ये गेले. दाराजवळच्या खाटेशी चपला काढल्या, टोपी पोटावर ठेवली आणि झोपले. अधीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो. पंधरा मिनिटांनी अण्णा उठले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मधली पट्टी सैल हाय. सर, लिव्हून घ्या. वापरल्याशिवाय शेरा न्हाय."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांच्या पिशवीत साबण, पंचा आणि तांब्या कायम. न्हाणीघर तपासायचं म्हणजे तिथे अंघोळ करायची. एकदा ऐन साबण लावल्यावर नळ गेला. अण्णा पंचा गुंडाळून, डोळे मिटून, फेसासकट दारात येऊन उभे राहिले आणि तिथूनच मला शेरा सांगायला लागले. "पाण्याचा दाब कमी. कंसात लिव्हा, सदस्य साबणात हाय." शेवटी अधीक्षक स्वतः बादली घेऊन धावत आले. तेव्हापासून अण्णा यायच्या दिवशी टाकी सकाळपासून भरलेली असते.

जेवायला ते नेहमी शेवटच्या पंगतीला बसत. पहिल्या पंगतीवरून स्वयंपाकघर कळत नाही, असं त्यांचं मत. संडासाची तपासणी ते कशी करीत, ते मी सांगणार नाही. तिथेही नियम तोच होता.

पण अधीक्षकांना खरा त्रास व्हायचा तो अण्णांच्या एका शब्दाचा. अण्णा प्रत्येक बंद्याला 'पावणं' म्हणायचे. तसं कोल्हापुरात कोणीही अनोळखी माणूस पावणंच असतो. बसमध्ये तुमच्या पायावर पाय देणारासुद्धा. पण इथे खुनाच्या गुन्ह्यातला माणूस समोर उभा, आणि अण्णा विचारतायत, "काय पावणं, किती दिसांचा मुक्काम?"

"बारा वर्सं झाली," समोरचा जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग खिडकीजवळची खाट तुमालाच पायजे हुती की. कुणी दिली न्हाय?"

अधीक्षकांनी त्यांना बाजूला घेतलं. "अण्णा, हे बंदी आहेत."

"व्हय की. बंदी पावणं."

अहवालातही ते तसंच लिहायचे. पावण्यांना उशी न्हाय. पावण्यांचं वरण पातळ. तो कागद मी घरी न्यायचो, 'न्हाय'चं 'नाही' करायचो, 'पावणं' खोडून तिथे 'बंदी' लिहायचो आणि स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवायचो. शिक्षकाचा हात, चूक दिसली की थांबत नाही. अकरा महिने मी हे केलं आणि अण्णांना सांगितलंही नाही.

बाराव्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. अण्णा एकटे गेले, स्वतः अहवाल लिहिला आणि स्वतःच पोस्टात टाकला. तीन आठवड्यांनी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. ते वाचून मला डोळ्यांचं औषध घालायची आठवण राहिली नाही.

अण्णांनी लिहिलं होतं: 'बराक एकचं छप्पर गळतंय. म्हणून दोन पावणं बराक दोनमध्ये महादेव यांच्याकडं मुक्कामाला हायेत. खाली झोपत्यात. महादेव त्यांची चांगली बडदास्त ठेवतो.'

वरच्या कार्यालयाने त्याचा अर्थ असा काढला, की महादेव नावाचा बंदी बाहेरची माणसं आणून बराकीत ठेवतो. गंभीर बाब. चौकशीसाठी अधिकारी येत आहेत. तथ्य आढळल्यास बंद्याला बंद कारागृहात परत पाठवण्यात येईल.

महादेवच्या सुटकेला चार महिने राहिले होते. वांग्याच्या वाफ्यांवर काम करणारा, फारसं न बोलणारा माणूस. दाराजवळची ती सैल पट्टीची खाट त्याचीच. परत गेला असता तर इथली सूट तर थांबलीच असती, शिवाय ते चार महिने लांबून कुठवर गेले असते, कोण जाणे.

चौकशीला एक मॅडम आल्या. शांत, चष्म्यातून बारीक वाचणाऱ्या. महादेव भिंतीला लागून उभा होता. अण्णांनी सगळं समजावलं. बाहेरचं कोणी नव्हतं, बराक एकमधलेच दोघे बंदी होते, मी सगळ्यांना पावणंच म्हणतो.

मॅडमनी माझ्या सुंदर अक्षरातले अकरा अहवाल टेबलावर मांडले. "मागच्या अकराही महिन्यांत 'बंदी' असंच लिहिलंय. एकदाही पाहुणे नाहीत. मग या महिन्याचे पाहुणे वेगळेच असणार ना?"

अण्णा त्या कागदांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. माझे कान तापले. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या लाल केल्या, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"मॅडम, ते मी बदललं," मी म्हणालो. "हे प्रत्येक वेळी पावणंच लिहितात. मला ते अहवालाला शोभणारं वाटलं नाही. हे माझं अक्षर आहे. यांचा दोष नाही, आणि महादेवचा तर नाहीच."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही एकमेकांना सांभाळून घेताय असं मी का समजू नये? शिक्षा भोगणाऱ्या माणसाला पाहुणा कोण म्हणतं? का म्हणायचं?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझा थोरला भाऊ आत हुता, बाई," ते म्हणाले. "भावकीतली मारामारी. सात वर्सं. मी एकदा पण भेटायला गेलो न्हाय. सुटला आणि थेट आमच्या यात्री निवासावर आला. काउंटरला गर्दी. गावचीच चार माणसं खोली मागत हुती. त्यो समोर येऊन उभारला. मी रजिस्टर पुढं केलं आणि म्हणलो, या पावणं, एकटंच हायसा का? त्यानं माझ्याकडं बघितलं. सही केली, किल्ली घेतली. सकाळी किल्ली काउंटरवर, आणि ह्यो गेलेला. परत कुठं गावला न्हाय."

वर्षभर मी अण्णांबरोबर इथे येत होतो. त्यांना भाऊ होता हे मला त्या क्षणी कळलं.

"तवा त्यो शब्द मी त्याला ढकलायला वापरला," अण्णा म्हणाले. "आता ह्यांना म्हणतो तवा बसा म्हणून म्हणतो. दुसरं काय करणार मी?"

मॅडमनी बराक एकचं छप्पर स्वतः जाऊन पाहिलं. खाली झोपणाऱ्या दोघांची नावं हजेरीपटावर पडताळली. मग चौकशीच्या कागदावर 'तथ्य आढळले नाही' असं लिहून सही केली आणि छपराची दुरुस्ती आठवड्यात करा, असं अधीक्षकांना बजावलं. जाताना त्यांनी अण्णांना दोन्ही हात जोडले.

आम्ही निघालो. फाटकापर्यंत महादेव अण्णांची पिशवी घेऊन बरोबर आला. पिशवी देताना तो थांबला.

"अण्णा," तो म्हणाला, "नाव काय त्यांचं?"

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नसावं.

"जिनगोंडा," ते म्हणाले. आणि मग जरा मोठ्याने, महादेवला नीट ऐकू जावं म्हणून, "माझा भाऊ. जिनगोंडा."