शिवाप्पाकाकांचा अंगठा

आमच्या शेजारचे शिवाप्पाकाका मोबाइलवरची लिंक वाचत नाहीत, चाचपतात. चाळीस वर्षं त्यांनी सात रस्त्याजवळच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा. चुकीचा खिळा हाताला लागला की अंगठ्यालाच कळायचं म्हणे.

आता छापखाना गेला, अंगठा राहिलाय. त्यानं माझा जीव नकोसा केलाय! माझ्या मुलीच्या निकालाची लिंक आली, तर हे भिंग घेऊन हजर. "थांबा मास्तर! ह्यो खिळा दुसऱ्याच खणातला वाटतोय की!" असं म्हणत अंगठा फिरवला, आणि अर्थातच लिंक उघडली. तपासायला जातात आणि उघडून बसतात. काय बोलणार, कपाळ माझं!

हसायचीसुद्धा चोरी आहे, कारण त्यांचा घात असाच झालाय. काकू गेल्या त्याच वर्षी त्यांना मेल आला: तुमचं खातं बंद होतंय, इथं पासवर्ड टाका. काकांनी पत्ता भिंगातून पाहिला, अंगठा फिरवला. पान उघडलं ते हुबेहूब रोजचंच. टाकला पासवर्ड. त्या खात्यात काकूंचे सगळे फोटो होते आणि एका व्हिडिओत त्यांचा आवाज, तोही एकदाच. "री, ऊटा आयता?" म्हणजे कानडीत, अहो, जेवण झालं का? खातं गेलं ते गेलंच.

तक्रार द्यायला मीच सोबत गेलो होतो. तिथं कळलेली एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. गेल्या आठवड्यात राहवलं नाही.

"काका, त्या पत्त्यातलं एक अक्षर रशियन लिपीतलं होतं. दिसायला इंग्रजी 'ए'च, तंतोतंत. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तुमची नजर चुकली नाही."

मला वाटलं, सुटतील बिचारे. ते नुसतं भिंग पुसत बसले.

"चुकली आसती तर बरं झालं आसतं, मास्तर. चुकल्याला खिळा काढून दुसरा बसवता येतोय. ह्याला काय करू?"

मला फार वाईट वाटलं.

त्यांचा जेवणाचा डबा रोज आमच्याकडून जातो; काल दुपारी तो रिकामा डबा न्यायला गेलो. काका खऱ्या पत्त्यावर जुना पासवर्ड टाकत होते. जेवायच्या वेळेला रोज टाकतात, हे मला तेव्हा कळलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं उमटलं. त्यांनी त्या ओळीवरून हळूच अंगठा फिरवला.

"आयतू, आयतू," ते म्हणाले. "झालं जेवण."

सकाळी दिलेला डबा तसाच बंद होता.