टरफलातलं सत्त्व

मांडवीतल्या दीपक सुर्व्याने ज्याला गंडवलं नाही असा माणूस रत्नागिरीत अजून जन्माला यायचाय, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. मग मेव्हणा हरिश्चंद्र कसा सुटेल?

हा हरिश्चंद्र उभा जन्म मुंबईत कारकुनी करून गावी परतला, तो मोबाईलवर आहारशास्त्र वाचतच. त्याच्यासमोर काजू तोंडात टाकायची सोय नाही.

"भावोजी, ह्यात प्रथिनं आहेत, मॅग्नेशियम आहे, जस्त आहे, तांबं आहे."

"मग दोन कळशा पण होतील," दीपक म्हणाला. "पण दादा, गर काय घेऊन बसलात? खरं सत्त्व टरफलात. त्याचं तेल टकलावर चोळा, महिन्यात भांग पाडाल."

आता, टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात आणि अंगाला लागलं तर सालटी निघतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. हरिश्चंद्र दोन शिव्या हासडील, एवढाच दीपकचा हिशोब. पण तो नुसताच "असं होय" म्हणाला. दीपकने मजा लोणच्यासारखी मुरायला ठेवली. सांगू उद्या.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या, शमिकाच्या, साखरपुड्याची खरेदी निघाली आणि सांगायचं राहून गेलं.

साखरपुड्याला मुंबईत वाढलेला नवरामुलगा सर्वेश आला तो डोक्याला पंचा गुंडाळून. तोंड फणसासारखं, डोळे मिटलेले.

"कुणी दिलं हे तेल माझ्या पोराला?" त्याच्या आईने दारातच विचारलं.

"मी," हरिश्चंद्र पुढे झाला. "ह्या वयात मला केस कशाला? म्हटलं, जावयाचं कपाळ वर सरकतंय, फोटोत बरा दिसेल."

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं?"

हरिश्चंद्रने दीपककडे पाहिलं. दीपकने जमिनीकडे.

"वाचलं कुठेतरी," हरिश्चंद्र म्हणाला.

पाहुणे पाणीसुद्धा न पिता सर्वेशला घेऊन डॉक्टरकडे गेले. मांडवात केशरी भात तसाच राहिला. शमिकाने बापाकडे एकदा बघितलं आणि बोलणंच सोडलं. बाप कसा आहे ते तिला वेगळं सांगायला नको होतं.

आठवड्याने सर्वेशचा फोन आला. दीपकने घाईघाईत स्पीकरवर घेतला.

"काका, आई शांत झालीय. पुढची तारीख बघा म्हणते. फक्त मामांना ओरडू नका, त्यांनी प्रेमाने दिलं. आणि एक विचारायचं होतं. खपल्या पडल्यात. आता केस कधीपर्यंत येतील?"

दीपक स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागला.

मागून शमिका म्हणाली, "सांगा ना, बाबा."