झारेंबांच्या रायफलीची चौकशी

बंदूक निर्जीव असते, म्हणून तिच्यावर कोणताही आरोप निःसंकोचपणे ठेवता येतो. अध्यक्षांची गोष्ट वेगळी. अध्यक्ष सजीव असतात, आणि बहुधा आजन्म असतात.

बोब्रोवो गावच्या शिकार मंडळाचे अध्यक्ष लुत्सियान झारेंबा यांनी गेल्या हंगामात सतरा रानडुकरांवर सतरा गोळ्या झाडून सतराही डुकरांना दीर्घायुष्य दिलं. अठरावी गोळी मात्र वाया गेली नाही. झाडीतून डुकरं उठवत येणाऱ्या हाकाऱ्याचा अर्धा कान घेऊन ती पुढे गेली. (मंडळाच्या वहीत ही नोंद 'किरकोळ' या सदरात आहे, कान दोन असतात.)

मंडळाला चिंता होती ती पदकाची. नोव्हेंबरात शिकाऱ्यांचा कैवारी संत हुबर्ट याच्या दिवशी शिकार आटोपून बिगोसचं, म्हणजे कोबी-मांसाच्या रश्श्याचं, पातेलं शेकोटीवर चढलं की, मागच्या हंगामात सर्वांत जास्त गोळ्या हुकवलेल्या माणसाच्या गळ्यात लाकडी पदक अडकवायचं आणि त्याला 'नेमचुकव्यांचा राजा' म्हणून नाचवायचं, ही तिथली जुनी रीत. अध्यक्षांच्याच गळ्यात ते पडलं असतं तर मंडळाचं नाक कापलं गेलं असतं. सुदैवाने नियम सोळा असा की, हत्यार सदोष असेल तर पदक माफ. तेव्हा हत्यार सदोष असणं ओघानेच आलं. दोष तेवढा सापडायचा राहिला होता, त्यासाठी सात जणांची समिती नेमून रायफल सेवेरिनच्या टेबलावर आडवी करण्यात आली.

सेवेरिन गावातला एकमेव बंदूक दुरुस्त करणारा. हाताने चोख, तोंडाने मऊ. त्याचं वर्कशॉप मंडळाच्या जागेत होतं आणि त्या जागेच्या कागदावर दरवर्षी झारेंबांची सही लागे.

त्याने दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू तपासले. घट्ट निघाले. समितीने ते पुन्हा तपासायला लावले, कारण ते घट्ट असणं गैरसोयीचं होतं. लाकडी दस्ता नळीला घासतो की काय म्हणून दोघांच्या मधून कागद सरकवला, तो सुरळीत गेला. नळीत तांब्याचा थर बसला असेल म्हणून ती दोन दिवस घासली. काडतुसं तीन वेळा बदलली. शेवटी सेवेरिनने रायफल शिकंज्यात आवळून शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. यावरून रायफल शिकंज्याशी सभ्यपणे वागते एवढंच सिद्ध होतं, असं समितीचं मत पडलं.

मग सेवेरिनने कुणाला न सांगता एक रिकामं काडतूस भरलं आणि रायफल झारेंबांच्या हाती दिली. झारेंबांनी चाप ओढला. बार झालाच नाही. तरी नळी वीतभर खाली गेली आणि अध्यक्षांचे डोळे, सुई पाहिलेल्या पोराचे मिटावेत तसे, गच्च मिटले. सातही सभासदांनी ते पाहिलं.

"अध्यक्षसाहेब, डोळे…" सेवेरिन म्हणाला.

"डोळ्यांचं काय?" झारेंबा गुरकावले.

"मिटले."

"धूळ गेली असेल हो!" चिटणीस मध्ये पडले.

"वारा कुठंय?"

"म्हणूनच तर! वारा असता तर उडून गेली नसती?"

वहीत नोंद झाली : 'काडतूस सदोष. आवाज करत नाही.'

चौकशीच्या अकराव्या आठवड्यात समितीला सत्य गवसलं. रायफलीत दोष होता, पण तो शोधताशोधता दूर झाला. (पदक टळलं, रायफल मात्र टळली नाही.) सेवेरिनने दाखल्यावर सही करायची होती : 'आता गोळी नेम धरला तिथेच लागते.'

शिकारीच्या आदल्या दिवशी तो हाकाऱ्या वर्कशॉपच्या दारात आला. टोपी एका बाजूने खाली ओढलेली.

"सेवेरिनदादा, उद्या मला अध्यक्षांच्या समोरचा पट्टा दिलाय. बंदूक झाली ना नीट?"

"झाली."

"म्हणजे जाऊ ना मी?"

सेवेरिनने हातातली कानस उगाच पुसली. "बंदूक अगदी नीट आहे," तो म्हणाला.

"मग बरं. बायको उगाच रडतेय घरी."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. तो गेल्यावर सेवेरिनला स्वतःची किळस आली. त्या किळसेतच त्याने दाखल्यावर सही केली आणि ती नेहमीपेक्षा सुबक आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच हाक्यात झारेंबांनी बार काढला. डुक्कर सरहद्दीपलीकडच्या लिथुएनियाच्या दिशेने निघून गेलं आणि गोळी हाकाऱ्याच्या गुडघ्यात बसली. पाय पुढे डॉक्टरांनी कापला.

समिती पुन्हा बसली. या वेळी तिच्या हाती तज्ज्ञाचा दाखला होता, त्यामुळे काम वीस मिनिटांत आटोपलं. नेम डुकरावर होता. गोळी नेम धरला तिथेच लागते. गोळी गुडघ्याला लागली. सबब गुडघा डुकराच्या जागी होता. हाकाऱ्याचं केशरी जाकीट लांबून नको इतकं दिसतं, असाही शेरा मारण्यात आला. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीच गोळी कशालाही लागली नव्हती, म्हणून उत्तम नेमबाजाला मिळणारा 'शिकारीचा राजा' हा मान झारेंबांना मिळाला. सेवेरिनने अहवालावर सही केली आणि बिगोसही खाल्ला.

अहवाल चौतीस पानी झाला. त्यात रायफलीचा प्रत्येक स्क्रू क्रमांकासह आहे, काडतुसांच्या पेट्या आहेत, अध्यक्षांचं पूर्ण नाव नऊ वेळा आहे. हाकाऱ्याचं नाव नाही. कुणी विचारलंच तर लिहिता यावं म्हणून शेवटच्या पानावर एक ओळ कोरी सोडली आहे. तुम्ही ही हकीकत अथपासून इथवर वाचलीत, त्याचा कान गेला तेव्हा हसलातही. नाव विचारलं नाहीत. ती ओळ आता तुमच्या संमतीने रद्द करण्यात येत आहे.