तपासनिसाची सही

दुपारी दोन वाजता तपासनीस संगणकासमोर बसले तेव्हा ब्राउझरमध्ये सहा प्लगिन होते. सव्वादोनला एकही उरला नव्हता.

तपासनिसांनी एकतीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. ज्या भागाची खात्री नाही तो आधी बंद करायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. 'वापर बंद, तपासणी बाकी' असं छापलेल्या लाल पाट्यांचा एक गठ्ठा ते घरी घेऊन आले होते. वर्षभरात त्यातल्या पाट्या मिक्सर, गीझर आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर लागून झाल्या होत्या. पाटी जो लावेल त्यानंच काढायची, हा त्यांचा नियम घरातही लागू होता.

सकाळी त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमना, म्हणजे प्लगिनना, भोकं असू शकतात आणि त्यांतून चोर आत शिरतात. पुढचा मजकूर पान पाचवर होता. पान पाचनं त्यांनी नुकतीच संगणकाची काच पुसली होती.

आणि नेमकी आज चार वाजता, याच संगणकावर, बायकोची मुलाखत होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं ती काम शोधत होती. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी संपादक हवी म्हणून एका प्रकाशनानं तिला बोलावलं होतं. या दोन वर्षांतलं हे पहिलंच बोलावणं. ती आतल्या खोलीत आरशासमोर उत्तरांची उजळणी करत होती. अशा दिवशी भोकं पडलेला संगणक तिच्या हाती द्यायचा, हे तपासनिसांच्या तत्त्वात बसेना.

काढलेल्या सहांपैकी एक जाहिराती अडवणारा होता, हे तो गेल्यावर कळलं. 'प्लगिनपासून संरक्षण' असं शोधताच पडदाभर जाहिराती नाचू लागल्या. सगळ्यांत वर 'पोलादी पहारेकरी' होता. ढालीचं चित्र, शेजारी पाच तारे. त्यानं परवानगी मागितली: 'सर्व पानांवरील सर्व माहिती वाचणे व बदलणे.' तपासनिसांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. पहारेकऱ्यानं काय डोळे मिटून पहारा द्यायचा? त्यांनी होकार दिला, वहीत 'काम पूर्ण, सुरक्षित' असं लिहिलं आणि खाली सही केली.

सव्वातीनला बायको येऊन बसली. मुलाखतीचा दुवा ईमेलमध्ये होता आणि ईमेल पासवर्ड मागत होता.

"अहो, हा तर आपोआप भरला जायचा."

"कोण भरायचं?"

"तो किल्लीचं चित्र असलेला."

"त्याला काढलं मी. तुझे सगळे पासवर्ड दाबून बसला होता तो."

"त्याच कामाला ठेवला होता त्याला."

तिनं आठवतील ते दोन-तीन पासवर्ड टाकून पाहिले. तेवढ्यात पडद्यावर ढाल उगवली: 'तुमच्या संगणकात ४१२ धोके सापडले.'

"जेवण झालं तेव्हा किती होते?" बायकोनं विचारलं.

"एकही दिसत नव्हता."

"मग एवढ्यात चारशे बारा कुठून आले?"

बायको मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "पस्तीस मिनिटं आहेत. हे काम गेलं ना, तर मला परत कुणी बोलवायचं नाही."

आवाज चढला नव्हता, म्हणून तपासनीस जास्त घाबरले. त्यांनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात एका कंपनीचे संगणक सांभाळायची.

"बाबा, प्लगिनची यादी उघडा. काय काय दिसतंय?"

"एकच आहे. पोलादी पहारेकरी."

"बाबा, तोच चोर आहे."

"अगं, त्याच्याकडे ढाल आहे."

"ढालीचं चित्र कुणालाही काढता येतं. आता माऊस आईकडे द्या आणि तुम्ही उठा."

मुलगी सांगत गेली तसं आईनं पहारेकऱ्याला घालवलं, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, किल्लीवाल्याला परत आणलं आणि त्याचा मुख्य पासवर्ड न अडखळता टाकला. चारला चार मिनिटं असताना दुवा उघडला.

"आई, संपलं की सगळे पासवर्ड बदल," मुलगी म्हणाली. फोन घेऊन तपासनीस बाहेर आले तेव्हा तिनं पुढे सांगितलं, "आणि बाबा, वापरात नसलेले काढायचे, बाकीचे अपडेट करायचे, नवीन घेण्याआधी विचारायचं. एवढंच होतं. पेपरात दिलं असेल की."

"पान पाचवर असेल," तपासनीस म्हणाले.

"आणि तुमचं काम तपासलं कुणी?"

"मीच सही केली."

"लिफ्टमध्ये चाललं असतं?"

ज्यानं दुरुस्ती केली त्यानं तपासणीची सही करायची नाही, या एका नियमासाठी तपासनिसांनी तीन मेकॅनिकांना कामावरून घरी धाडलं होतं.

पाऊण तास ते बंद दाराबाहेर उभे होते. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. कशाबद्दल ते कळलं नाही.

दार उघडलं.

"काय म्हणाले?"

"सोमवारपासून या म्हणाले." बायकोनं त्यांची वही ओढली, त्यांची सही खोडली आणि खाली स्वतःची केली. मग गठ्ठ्यातली एक लाल पाटी काढून संगणकासमोरच्या त्यांच्या खुर्चीला बांधली.

तपासनिसांनी ती वाचली. "ही काढायची कुणी?"

"जो लावतो तोच काढतो. नियम तुमचाच आहे."

त्यांनी सवयीनं गाठ ओढून पाहिली. पक्की होती.