सूर्य धरून बरोब्बर नऊ

सकाळी साडेनऊला करंजाड्यातल्या त्या नव्या फ्लॅटमध्ये रेवाने अशी काही बोंब ठोकली, की हॉलमध्ये मंत्र म्हणणाऱ्या बापट गुरुजींच्या हातून पळीच पडली.

"माझा प्रोजेक्ट! आई, गुरुजींनी माझ्या प्रोजेक्टला हळदकुंकू लावलंय!"

झालं होतं ते असं. घरात वास्तुशांत होती. त्याच दिवशी सातवीतल्या रेवाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. दोन्ही तारखा एक आल्या तेव्हाच कोणीतरी शहाणं व्हायला हवं होतं; पण आजोबांना, म्हणजे कृष्णकांतरावांना, याच्यापुढचा मुहूर्त थेट दोन महिन्यांनी मिळत होता, आणि शाळा काही कोणाच्या मुहूर्तासाठी थांबत नाही. रेवाचा विषय होता 'सूर्यमालेची मॉडेल्स कशी बदलत गेली'. थर्माकोलचे चार बोर्ड तिने महिनाभर खपून एकटीने केले होते. पहिल्यात पृथ्वी मधोमध आणि सूर्यासकट सगळे तिच्याभोवती. दुसऱ्यात सूर्य मधोमध. तिसऱ्यात शेपटाला प्लुटो. चौथा आजचा, प्लुटोला डच्चू दिलेला. या चौथ्याचा रंग ओला राहिला, म्हणून आईने, म्हणजे आभाने, तो पंख्याखाली रिकाम्या चौरंगावर वाळत ठेवला. चौरंग रिकामा होता, कारण तो नवग्रहांसाठी मांडलेला होता!

गुरुजी पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकून घामाघूम होऊन आले. दुपारी दोनला त्यांची रोडपालीला दुसरी पूजा होती. चौरंगावर त्यांना काय दिसलं? मधोमध पिवळाजर्द सूर्य आणि भोवती आठ रंगीत गोळे. सूर्य धरून बरोब्बर नऊ! सूर्य मध्ये, बाकीचे भोवती, अगदी नवग्रहांच्या मांडणीसारखं. गुरुजी खूश झाले. "वा! हल्ली तयार मिळतात वाटतं," म्हणाले आणि सुरू झाले. आभा स्वयंपाकघरात पाठमोरी, रेवाचा बाबा सुशांत सोवळ्याची गाठ मारण्यात गुंतलेला, आजोबा डोळे मिटून बसलेले. बोलणार कोण?

"गुरुजी, ते आमच्या मुलीचं शाळेचं काम आहे हो," आभा काकुळतीला आली. "अकराला तपासणी आहे. घेऊ का उचलून?"

"अहो ताई, हात लावू नका! नऊच्या नऊ ग्रहांचं आवाहन झालंय. आता विसर्जनाशिवाय हा पाट हलायचा नाही."

"विसर्जन कधी?"

"पूर्णाहुतीनंतर. एक तरी वाजेल."

रेवाने भोकाडच पसरलं.

तिचं रडणं काही उगाच नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या ज्वालामुखीसमोर परीक्षक उभे राहिले, आणि तिने तोंड उघडायच्या आत सुशांतनेच लाव्ह्यावर व्याख्यान झोडलं. परीक्षकांनी शेरा मारला, 'प्रकल्प पालकांचा दिसतो.' पोरीने तो शेरा वर्षभर मनात ठेवला होता. यंदा तिने बाबाला साधा डिंकसुद्धा लावू दिला नव्हता.

"बाकीचे तीन घेऊन जा ना," सुशांत म्हणाला.

"बाबा, तिसऱ्यात प्लुटो ग्रह आहे! तिथेच थांबले तर सगळे हसतील मला."

"मग तिसऱ्यातला प्लुटो उपटून टाक."

"मग तिसरा राहिला कुठे? मॉडेल बदललं हेच तर दाखवायचंय!"

बापाचं डोकं असं चालतं, म्हणूनच तर त्याला डिंक द्यायचा नाही. या रडारडीत घड्याळात साडेदहा झाले. रेवा दाराकडे जाई, चौरंगाकडे येई, परत दाराकडे. कृष्णकांतराव मात्र आसनावरून हलले नाहीत.

"रेवा, निवृत्तीचे सगळे पैसे घालून घेतलंय हे घर. वास्तुशांतीत विघ्न नको. बसवलेले देव हलवायचे नसतात, बाळा."

"पण आजोबा, ते देव नाहीत. तो माझा नेपच्यून आहे!"

एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले अमजदभाई खुर्च्या घेऊन आले. पोरीचे डोळे बघून त्यांनी खुर्च्या तिथेच ठेवल्या. सगळं ऐकून म्हणाले, "गुरुजी, काहीतरी रास्ता असेल ना? गाडी खाली उभी हाय. इन्शाल्ला दहा मिनिटांत शाळेत पोचवतो."

गुरुजींनी वर बघितलं, खाली बघितलं, घड्याळात बघितलं. ज्याला दोन वाजता रोडपाली गाठायची असते त्याला वाट सुचतेच.

"असं करू. यजमानांनी स्वतः न्यायचं. अनवाणी. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आणि एकच्या आत पाट परत इथे. तोवर इथलं कृष्णकांतराव बघतील."

"एक शब्दही नाही?" सुशांतने विचारलं.

"हा शेवटचा," गुरुजी म्हणाले.

अशा रीतीने जांभळं सोवळं नेसलेला, उघडाबंब, अनवाणी सुशांत मांडीवर नवग्रह घेऊन अमजदभाईंच्या गाडीत बसला; मागे रेवा बाकीचे तीन बोर्ड सांभाळत. स्टेशनजवळच्या सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्याने त्याला नमस्कार केला. याला उलटून नमस्कारही करता येईना, हात कुठे मोकळे होते! शाळेच्या गेटवर वॉचमनने अडवलं, "कुठे निघालात?" सुशांतने गालफडं फुगवून भुवयांनी वर दाखवलं. शेवटी रेवानेच त्याला सांभाळून आत नेलं. अकराला पाच कमी होते.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नुसता बाजार भरला होता. पोरं गप्प आणि आईबाप बोलतायत. एक बाबा पवनचक्की समजावत होते, एक आई मुलाला मागे सारून ठिबक सिंचनावर बोलत होती. परीक्षक रेवाच्या टेबलाशी आले. आधी त्यांनी सोवळ्याकडे बघितलं.

"हे तुम्ही केलंय?"

सुशांतने इतक्या जोरात मान हलवली, की जानवं खांद्यावरून घसरलं.

"मग कोणी?"

"मी, सर," रेवा म्हणाली आणि सुटलीच. "आधी माणसाला वाटायचं, आपण मधोमध आणि सगळे आपल्याभोवती फिरतात. मग लक्षात आलं, मध्ये सूर्य आहे. ते पटायलाच लोकांना शंभर-दीडशे वर्षं लागली. मग दुर्बिणीतून नवीन ग्रह सापडत गेले. प्लुटो आला, आणि २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला. मॉडेल चुकलं की बदलायचं असतं, सर."

सुशांतला मध्ये चार वेळा बोलायचं होतं. त्याने चार वेळा आवंढा गिळला.

"आणि हे हळदकुंकू?"

"ते आज सकाळी लागलं, सर. आमच्या घरी जुनं मॉडेल अजून चालू आहे."

परीक्षक इतके हसले, की ठिबक सिंचनवाली आई बोलायची थांबली.

सव्वाबाराला निकाल आला. रेवाचा पहिला नंबर! तिने टुणकन उडी मारली, पण तेवढ्यात वर्गशिक्षिका शोभा मॅडम म्हणाल्या, "आता चारपर्यंत बोर्ड इथून हलवायचे नाहीत. सगळे बघायला येणार आहेत. जो हलवेल त्याचा नंबर पुढच्याला जाईल."

घ्या! आगीतून फुफाट्यात. सुशांत एक बोट वर करून नाचायला लागला. मॅडमना वाटलं, पहिल्या नंबरचा आनंद झालाय. तो बिचारा 'एक वाजता, एक वाजता' म्हणत होता. रेवाचा चेहरा पार उतरला. तिने मॅडमच्या फोनवरून घरी फोन लावला.

"आजोबा, पहिला नंबर आला. मी एकटी बोलले, बाबा काही बोलला नाही. पण बोर्ड आणला तर नंबर जाईल." तिने नाक ओढलं. "घर तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं करते."

पलीकडे होमाची लाकडं तडतडत होती; आजोबांनी गुरुजींना काहीतरी विचारलं.

"हलू नकोस तिथून," आजोबा म्हणाले. "आम्ही येतो."

पाऊण वाजता पूर्णाहुती उरकली आणि अमजदभाईंनी आजोबांना आणि गुरुजींना गाडीत घालून आणलं. पवनचक्की आणि पाण्याच्या फिल्टरच्या मध्ये गुरुजींनी तांब्या ठेवला. पोरं भोवती गोळा झाली. परीक्षकांनीही चपला काढल्या. गुरुजी एकेका गोळ्यावर अक्षता टाकत ग्रहांना निरोप देऊ लागले. सूर्य झाला. मग निळ्या-हिरव्या गोळ्यावर अक्षता पडल्या, "चंद्र."

"गुरुजी, तो चंद्र नाही," रेवा म्हणाली. "ती पृथ्वी आहे."

"नवग्रहांत पृथ्वी नसते, बाळा."

"पण बोर्डावर आहे ना!" तिने फूल बाजूला करून गोळ्याखाली चिकटवलेली नावाची चिठ्ठी दाखवली.

गुरुजींचा हात तसाच वर राहिला. कृष्णकांतराव पांढरेफटक पडले.

"अहो, म्हणजे वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही पृथ्वीलाच निरोप दिलात? माझं घर उभं कशावर राहणार?"

"आजोबा, तिला एकदा मधोमधूनच उठवलं होतं," रेवा म्हणाली. "तेव्हाही ती कुठे गेली नाही. फिरतच राहिली."

आजोबांना ते पटलं की नाही, देव जाणे. त्यांनी गुरुजींच्या ताटातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या आणि स्वतःच्या हाताने पृथ्वीवर ठेवल्या. "तू बस गं बाई इथेच."

"कृष्णकांतराव!" गुरुजींनी कपाळावर हात मारला. "पुन्हा बसवलीत? आता विसर्जनाशिवाय हा बोर्ड हलायचा नाही! मला रोडपालीला जायचंय!"

"जा तुम्ही. किती वाजेपर्यंत ठेवायचाय गं बोर्ड?"

"चार."

"चारनंतर बघू तिचं काय करायचं ते." आजोबांनी खुर्ची ओढली आणि टेबलामागे ऐसपैस बसले. "तू आणि तुझा मुका बाप घरी जाऊन जेवून या. मी बसतो इथे. बघायला लोक येतील, त्यांना काय सांगायचं तेवढं शिकवून ठेव मला. आधी पृथ्वी मधोमध होती, इथपर्यंत मला येतं. पुढचं सांग."