कासवाच्या पावाची मोहीम

चुलीस वंदन करून, तव्यास साक्षी ठेवून, कासवाच्या पावाची हकिकत जैसी घडली तैसी लिहिली जाते. खोडाळ्यानजीकच्या पाड्यावर वज्रचुडेमंडित सौभाग्यवती रंजनाबाई यांचा अंमल असता, कन्या प्रगती, उमर सहा, शिमग्याच्या सुट्टीस आश्रमशाळेहून घरी आली आणि मोबाइलात कासवाच्या आकाराचा पाव पाहून हट्टास पेटली. मग मातोश्रींनी वचन दिधले की रविवारी चारच्या जीपगाडीने शाळेस कूच करण्याआधी कासव तुझ्या हाती पडेल. वचन देऊन चुकल्या, आणि घरात पीठ फुगविणाऱ्या यीस्टचा कण नाही!

शनिवारी सूर्योदयी बाईसाहेबांनी पिशवी परजून खोडाळ्याचा बाजार वेढला. दुकानदार हेमंतशेट यांनी सोडा पुढे केला, इनो पुढे केला, आणि शेवटी जेर होऊन अर्ज केला की, "वहिनी, फुगवायचंच हाय तं फुगे न्या." तो नजराणा धिक्कारून स्वारी मोखाड्यास गेली. तेथे औषधवाल्याने यीस्ट म्हणजे औषध समजून, ताप किती आहे म्हणून उलट तपास केला. मग जव्हार. तेथील बेकरी म्हणजे बुलंद किल्ला, काचेआड खारी-टोस्टांची फौज. परंतु किल्लेदार खाली मान घालून वदले की पाव येथे भाजत नाहीत, टेम्पोने येतो, भट्टीत सध्या मांजर व्याली आहे.

शिकस्त खाऊन बाई परतल्या तो लेक अंगणात मातीवर कासव रेखून बसलेली. ते पाहून बाईंचा धीर सुटला.

तेव्हा सासूबाई रुपीबाई नागली पाखडता पाखडता विचारत्या झाल्या, "काय गो, ती पूड करते काय?"

"पीठ फुगवते, आई."

"आन् तेवढ्यासाठी जव्हार? ताडी घाल की! माझी आय तशीच फुगवायची."

परंतु ताडी म्हणजे सासरे पोश्याबाबा यांचा शिमग्याचा खजिना. रविवारी सकाळी झाडावरून मडके उतरताच मागणी गेली, आणि बाबांनी फर्माविले की, "ताडी पावाला? मंग मी काय चा पिऊ?" त्यावर प्रगती पुढे होऊन म्हणाली, "आजा, कासव मरंल ना." बाबांनी तत्क्षणी हत्यार ठेविले आणि मडके स्वहस्ते परातीत रिते करून पिठाशेजारी पहाऱ्यास बसले.

दुपारपर्यंत पीठ दुप्पट चढले. मग त्याचे कासव वळून, पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे रचून पाव भाजला. तीन वाजता झाकण उघडले तो कासव फुगून बेडूक जाहले, एक पाय बेपत्ता. कन्येने वास घेतला, बोटाने पाठ दाबली आणि निवाडा दिला, "झोपलंय ह्ये." फत्ते!

चारास जीप लागली. फडक्यात कासव बांधून कन्या चढली, आणि गाडी हलता हलता तिने कासवाचे डोके मोडून खिडकीतून मातोश्रींच्या हाती दिधले व हुकूम केला, "आई, डोकं तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मी घ्यायला येन."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. डोके फडताळात नागलीच्या डब्यावर बंदोबस्तात आहे. मुंग्यांनी दोनदा वेढा घातला. दोन्ही वेळा बाईसाहेबांनी जातीने मोडून काढिला. पुढील सुट्टीपावेतो पहारा जारी आहे, हे सर्वांस विदित असो.