खवलेमावशीचा खोलगट आरसा

एका जंगलात, बाळांनो, एक खवले मांजर राहत असे. नावापुरतं मांजर हं, म्यांव म्हणायचीही पंचाईत. सगळे तिला खवलेमावशी म्हणत.

मावशीला एकच वेड होतं. डोळे मिटायच्या आत शनीची कडी बघायची! त्याला दुर्बीण हवी, आणि दुर्बिणीला खोलगट आरसा. म्हणून मावशी जाड काच वाळूनं घासत बसे. घासता घासता नातवंडं लग्नाला आली. शेवटी एकदाची काच खोलगट झाली, चांदीचा मुलामा चढला, आणि मावशी आनंदानं गोळा होऊन घरभर गडगडली.

तेवढ्यात सिंहमहाराज उद्‌घाटनाला आले. बोलावलं कुणीच नव्हतं.

महाराजांनी लांबूनच आरशात पाहिलं. पाय वर, आयाळ खाली!

"आम्ही उलटे? फोडा ही काच!"

मावशीचा जीव खालीवर झाला. "अहो महाराज, थांबा! खोलगट आरशात लांबचं उलटंच दिसतं. ताऱ्यांची काही तक्रार नसते. तुम्ही जवळ या ना."

महाराज पुढे सरकले. मध्येच त्यांचं नुसतं पिवळं धुकं झालं.

"आता तर आम्ही गायबच!"

"आणखी पुढे या!"

काच हातभर उरली आणि अहाहा! महाराज सुलटे, शिवाय हत्तीएवढे.

"दरबारात लावा हा आरसा," महाराज म्हणाले.

"आणि माझा शनी?"

"त्याला आम्ही बघून घेऊ."

दरबारात नवीनच भानगड झाली. अदबीनं लांब उभा राहणारा जो तो आरशात उलटा. महाराजांनी दोन सरदार राजद्रोही म्हणून खाल्ले. घाबरून ससा जवळ गेला, तर त्याचंच तोंड महाराजांएवढं दिसलं. त्यालाही खाल्लं.

प्रधान कोल्हा रडत मावशीकडे आला. "मावशी, उभं राहायचं तरी कुठं?"

"धुक्यात," मावशी म्हणाली. "मला माझा आरसा द्या."

"तेवढं सोडून काहीही मागा हो."

आता अख्खा दरबार मधल्या जागेत दाटीवाटीनं उभा असतो. आरशात कुणीच ओळखू येत नाही. महाराज खूश आहेत. त्यांनी मावशीला राज्याची मुख्य खगोलशास्त्रज्ञ नेमलं. तीही रोज येते, धुक्यात उभी राहते, आणि घरी जाऊन ढसाढसा रडते. शनी तिनं अजून पाहिलेला नाही.

तात्पर्य : मुलांनो, प्रकाशशास्त्र मन लावून शिका. ग्रहतारे दिसोत न दिसोत, कुठं उभं राहिलं की आपण दिसत नाही, एवढं नक्की कळतं.